उष्टा दोरा

माझा जबडा दुखायला लागला तो कुंभमेळ्याच्या वर्षी, दोन हजार तीनच्या पावसाळ्यात. त्याला आता चार वर्षं होऊन गेली. या चार वर्षांत मी नाशिकमधल्या इतक्या दवाखान्यांत बसले, की कुठल्या बाकाचा पाय लंगडा आहे हे मला न बघता सांगता येईल. दुखणं एक आणि सल्ले शंभर. सल्ला द्यायला कुणाचं काही जात नाही, आणि ऐकायला मला तोंड उघडावं लागत नाही, म्हणून मी सगळ्यांचे ऐकून घेतले.

आधी कानाच्या डॉक्टरने मळ काढला. मग दातांच्या एका डॉक्टरने अक्कलदाढ काढली, तरी दुखणं थांबेना म्हणून तिच्या शेजारची काढली. तो तिसरीला हात घालणार तेवढ्यात मी खुर्चीतून उठले. "सगळ्या दाढा संपल्या की दुखणं संपेल, असं आहे का तुमचं?" असं विचारून आले. विचारलं खरं, पण तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं, त्यामुळे त्याला किती कळलं देव जाणे. मग घोटीचे कोंडाजी हाडवैद्य झाले. "वात हाय हा, बाई. लय आत शिरलाय. पण घाबरायचं काम नाय," असं म्हणून त्यांनी तीन रविवार कानशिलाला तेल चोळलं आणि हनुवटीखालून डोक्यावर पट्टा बांधला. तो पट्टा बांधून घोटीहून नाशिकपर्यंत एसटीत बसायचं. लोक मयताकडे बघावं तसे बघायचे. चौथ्या रविवारी मी गेले नाही.

भाकरी तर कधीच सुटली. वरणात कुस्करलेली पोळी खाऊन खाऊन वरणाचा वास नकोसा झाला. जांभई आली की धडकी भरायची, कारण एकदा जबडा उघडला तो उघडाच राहिला होता आणि सोमनाथने मला तशीच रिक्षात घालून नेलं होतं. सोमनाथ म्हणजे माझा नवरा, एसटीत मेकॅनिक आहे. त्याचं नाव असं सरळ घेतलं म्हणून कुणी दचकू नये. चार वर्षं जबडा ठणकत असला की उखाणे सुचत नाहीत.

मी भागीबाई पटवेकर. पंचवटीत राहते आणि रोज पूल ओलांडून सराफ बाजारात येते. तिथे एका सराफाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून मी बायकांची मंगळसूत्रं गाठवते. सोनार वाट्या घडवतो, मणी विकतो, पण ते दोऱ्यात ओवून, गाठी मारून गळ्यात घालण्याजोगं करतो तो पटवेकरी. माझे वडील याच ओट्यावर बसायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मला शिकवलं, आणि मी माझ्या रोशनीला शिकवलं.

मंगळसूत्र तुटलं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, वाढलं म्हणतात. बाई ओट्यावर येते, हळकुंड बांधलेला दोरा गळ्यात अडकवते, वाढलेलं मंगळसूत्र माझ्या हातात देते आणि समोर बसून राहते. काम पुरं होईपर्यंत ती उठत नाही, आणि मी ते उद्यावर टाकत नाही. सौभाग्याचं लेणं रात्रभर दुसऱ्याच्या घरी राहत नाही. त्यामुळे एकदा हातात घेतलं की तासभर सुटका नाही, मग जबडा ठणको नाहीतर डोकं फुटो.

आता जे मी कुणाला सांगत नव्हते ते सांगते. दोऱ्याचं एक टोक ओट्यावरच्या खिळ्याला असतं. दोन्ही हात गाठ मारण्यात गुंतलेले असतात. मग दुसरं टोक ताणून धरायचं कशाने? दाताने. उजव्या दाढेत दोरा धरायचा आणि मान मागे ओढायची. दोरा तुटायला आला की आधी दाताला कळतं, खिळ्याला कळत नाही, असं वडील म्हणायचे. पण तोंडात धरलेला दोरा म्हणजे उष्टा दोरा, आणि उष्ट्या दोऱ्यात ओवलेलं मंगळसूत्र कोण बाई गळ्यात घालेल? म्हणून वडिलांनी भिंतीवर कालिकामातेचं कॅलेंडर लावलं. गाठ मारायच्या वेळी ते भिंतीकडे तोंड करायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "सौभाग्याची गाठ देवीकडे बघून मारावी लागते." बायका हात जोडायच्या. मीही तेच करत आले, वरून पदर ओढून. "दोरा तोंडात जातो, पण ही गोष्ट तोंडातून बाहेर जाता कामा नये," हे वडिलांचं मला पहिलं शिकवणं. गाठ त्यांनी नंतर शिकवली.

डॉक्टर शिरोडेबाई मला ओट्यावरच भेटल्या. त्यांच्या सासूबाईंनी दिलेलं दोन पदरी मंगळसूत्र वाढलं होतं, ते घेऊन आल्या. मी गाठवत असताना मधेच गाल दाबून धरला तो त्यांनी बघितला. "मी जबड्याचीच डॉक्टर आहे, दवाखान्यात या," म्हणाल्या. गंगापूर रोडला त्यांचा दवाखाना. तिथे पहिल्यांदा कुणीतरी माझं नीट ऐकून घेतलं. जबड्याचा सांधा कानाच्या पुढे असतो, त्यात एक चकती असते, ती माझी सरकली आहे, असं चित्र काढून समजावलं. कानापुढे बोट ठेवून दाबायच्या आधी त्या दर वेळी म्हणायच्या, "दुखलं तर सांगा, भागीबाई." चार वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मला तेव्हा खुर्चीतच रडू आलं होतं.

त्या दर वेळी विचारायच्या. सुपारी खाता? तंबाखू, मिश्री? नखं चावता? काही कडक चावायची सवय? मी नाही म्हणायचे, आणि ते खरंच होतं. दोरा मी चावत नव्हते, धरत होते. ते काम होतं, सवय नव्हती. आणि समोर त्यांच्या गळ्यात मीच गाठवलेले दोन पदर लोंबत असताना मी काय सांगणार होते?

त्यांनी दातांवर बसवायची प्लेट दिली. रात्री ती घालून मी सहा महिने झोपले आणि दिवसा दोरा ओढत राहिले. फरक पडला नाही. मग मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले, आणि शेवटी शिरोडेबाई म्हणाल्या, "आता सांधा उघडून चकती बसवावी लागेल." कानापुढे चिरायचं. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, तिला धक्का लागायची थोडी शक्यता असते, हेही त्यांनी लपवलं नाही. ऑपरेशन गुरुवारचं ठरलं, आणि बुधवारी संध्याकाळी सह्या करायला यायचं.

त्याच्या आधीच्या रविवारी मी देवळाली कॅम्पला गेले. माझी एक जुनी गिऱ्हाईक, आशा, तिथे राहते. तिचा नवरा तोफखान्यातून रिटायर झालेला. तिचं असंच ऑपरेशन झाल्याचं ऐकलं होतं, म्हणून म्हटलं, चिरून घ्यायच्या आधी चिरलेल्या माणसाला विचारावं. शालिमारवरून बस धरली.

आशाने माझ्यासाठी शिरा केला होता. "चावायला नको म्हणून," म्हणाली. ती बोलताना डावी भुवई उचलायची, उजवी जागची हलत नव्हती. मी बघतेय हे तिला कळलं.

"दुखणं गेलं, ताई. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "भुवई तेवढी गेली. हे म्हणतात, आता तुझा अर्धाच राग दिसतो."

"मग करू का मी?"

"तुम्हाला डॉक्टरने विचारलं का, दातात काही धरता का म्हणून? मी शिवणकाम करायचे. टाचण्या दातात, दोरा दाताने तोडायचा, वीस वर्षं. हे कुणाला सांगावं असं वाटलंच नाही, ते काय सांगण्यासारखं आहे? ऑपरेशन झाल्यावर सहज बोलता बोलता निघालं, तर पुण्याच्या डॉक्टरने कपाळाला हात लावला. म्हणाला, हे आधी कळलं असतं आणि सोडलं असतं, तर कदाचित कापावंच लागलं नसतं."

माझ्या हातातला चमचा थांबला.

"तुम्ही काही धरत नाही ना दातात?" आशाने विचारलं.

तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र मी दोन वर्षांपूर्वी गाठवलं होतं. वाट्यांच्या वरची माझी गाठ मला लांबून ओळखू येते.

"नाही," मी म्हटलं, आणि शिरा संपवला.

घरी येऊन सोमनाथला सगळं सांगितलं. तो हात पुसत ऐकत होता. माझ्या दोऱ्याचं गुपित घरात त्याला आणि रोशनीलाच माहीत.

"अहो, मी शिरोडेबाईंना सांगून टाकते," मी म्हटलं.

"सांग की. मग त्या चार जणींना सांगतील, त्या चाळीस जणींना. आठ दिवसांत ओट्यावर कुत्रं फिरकणार नाही. चाळीस वर्षं गावातल्या बायकांच्या गळ्यात उष्टं घातलं म्हणून शिव्या बसतील त्या वेगळ्याच. तुझ्या वडिलांचंही नाव जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गुरुवारी ऑपरेशन होतंय ना? होऊन जाऊ दे. इतकं सोसलंस, अजून थोडं."

तो वाईट माणूस नाही. माझ्या वरणात पोळी तोच कुस्करून देतो. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं पटलं. चार वर्षं बाकांवर बसून माणूस इतका थकतो की भूल देणारं इंजेक्शनसुद्धा त्याला विश्रांती वाटायला लागतं. भुवई गेली तर जाईल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माझ्या भुवईकडे आता कोण बघायला बसलंय?

बुधवारी दुपारी मी ओट्यावर नुसती बसून होते. काम रोशनीच करत होती. मखमलाबादची एक बाई समोर हळकुंडाचा दोरा घालून बसली होती. रोशनीने मण्यांच्या सरी जुळवल्या, भिंतीकडे तोंड केलं, पदराऐवजी ओढणी पुढे घेतली आणि मान मागे ओढली. गाठ माझ्यापेक्षाही सुबक बसली. बाईने कॅलेंडरला हात जोडले आणि गेली.

रोशनीने डबा उघडला. पोळीचा पहिला घास घेताना तिच्या कानापाशी आवाज झाला. कट्. मला तो दोन हातांवरून ऐकू आला.

"काय झालं गं?"

"काही नाही, आई. वाजतं कधी कधी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल. दुखत नाही. नुसतं वाजतं."

माझंही पहिलं वर्षभर नुसतं वाजत होतं. आणि मग मला वडील आठवले. शेवटची दोन वर्षं ते पेज प्यायचे, भिंतीला टेकून, वाटी ओठाला लावून. आम्ही म्हणायचो, म्हातारपण. छप्पन्न वर्षांचे होते ते. त्यांनी कुणालाच विचारलं नाही, आणि कुणी त्यांना विचारलं नाही.

रोशनी वीस वर्षांची आहे. तिने तोच घास पुन्हा चावला आणि पुन्हा वाजलं. मला इतका राग आला की कुणावर काढावा ते समजेना. कॅलेंडरवर काढला. ते भिंतीवरून उतरवून गुंडाळून ठेवलं. "आजपासून दोरा तोंडात नाही," मी तिला म्हटलं. तिला वाटलं, ऑपरेशनच्या भीतीने आईचं डोकं फिरलं.

संध्याकाळी शिरोडेबाईंनी टेबलावर कागद ठेवला. सोमनाथ माझ्या शेजारी बसला होता. कुठे सही करायची तिथे त्यांनी पेन्सिलीने फुली मारली होती. नेहमीप्रमाणे शेवटचे प्रश्न विचारले. बीपी, साखर, औषधं. मग, "सुपारी वगैरे काही नाही ना?"

"दोरा धरते," मी म्हटलं.

सोमनाथने टेबलाखालून माझा पाय दाबला.

"कसला दोरा?"

"मंगळसूत्राचा. उजव्या दाढेत धरून ओढते. दिवसाला चार-पाच मंगळसूत्रं, लग्नसराईत आठ. बाराव्या वर्षापासून. आता माझी मुलगीही धरते, तिचाही जबडा वाजायला लागलाय."

शिरोडेबाईंनी चष्मा काढला. "मी तुम्हाला किती वेळा विचारलं, भागीबाई?"

"तुम्ही सुपारी विचारली, बाई. तंबाखू विचारला. दोरा कोण विचारणार? आणि विचारला असता तरी मी खोटंच बोलले असते."

"का?"

मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं. त्यांचा हात हळूच वाट्यांवर गेला आणि तिथेच राहिला.

"हेसुद्धा?"

"तेसुद्धा. उष्टं आहे. माफ करा."

बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव दोनदा पुकारून गेला. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही, नुसती लाज वाटली आणि कानशील ठणकत राहिलं.

शेवटी शिरोडेबाईंनी कागद ओढून घेतला आणि त्यावर आडवी रेघ मारली. आवाज अगदी कोरडा होता. "सांधा बसवला असता आणि पंधरा दिवसांनी तुम्ही परत दोरा ओढला असता. सगळं फुकट गेलं असतं. तीन महिने तोंडात दोरा नाही, काही नाही. प्लेट परत घालायची, शेक, मी दाखवते ते व्यायाम. तरी नाही झालं तर ऑपरेशन करावं लागेल, मी खात्री देत नाही." मग आम्ही दाराशी गेल्यावर त्यांनी हाक मारली. "मुलीला घेऊन या. तिचं वाजतं म्हणालात ना? उद्याच आणा."

ते तीन महिने कसे गेले ते मी आणि रोशनीच जाणतो. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक खिळा ठोकला. पण खिळा दोरा नुसता धरतो, तो तुटायला आला हे त्याला कळत नाही. निम्मे दोरे तुटायचे, तासाचं काम दोन तासांवर गेलं. बायका चुळबुळ करायच्या. "देवीकडे तोंड नाही करत आता?" असं एकीने विचारलं, तर रोशनी म्हणाली, "देवी काय एकाच भिंतीवर असते का, मावशी?" मावशीला ते आवडलं नाही. गल्लीच्या टोकाला दुसरा पटवेकरी बसतो, त्याच्याकडे बऱ्याच जणी जायला लागल्या. तो अजून भिंतीकडे तोंड करतो.

सोमनाथ म्हणाला तसा बोभाटा मात्र झाला नाही. शिरोडेबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण पुढच्याच तपासणीला मी गेले तेव्हा त्यांच्या गळ्यात साधी सोन्याची साखळी होती. मंगळसूत्र नव्हतं. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. "आ करा," त्या म्हणाल्या. मी आ केला. "दुखलं तर सांगा," त्या म्हणाल्या. रस्ताभर मला वाईट वाटत राहिलं. दुखणं कमी होत होतं तरीही.

चौथ्या महिन्यात तोंडात तीन बोटं जायला लागली. रोशनीचं वाजणं थांबलं. माझं नाही थांबलं, अधूनमधून कट् होतंच, आणि गेलेल्या दोन दाढा काही परत येत नाहीत. पण मी भाकरी खाल्ली. दुधात भिजवून का होईना, खाल्ली.

अशाच एका दुपारी शिरोडेबाई ओट्यावर आल्या. पर्समधून रुमाल काढला, आणि रुमालातून ते दोन पदरी मंगळसूत्र. दोरा त्यांनी स्वतःच कापलेला होता. मणी सुटे होते.

"त्या दिवशी घरी गेल्यावर काढून ठेवलं," त्या म्हणाल्या. "घालवेना. दुसरीकडे द्यावंसंही वाटेना." मग त्या माझ्यासमोर बसल्या, इतर बायका बसतात तशा. "परत गाठवून द्या. मी इथेच बसते."

त्यांनी हळकुंड आणलं नव्हतं. रोशनीने डब्यातलं काढून दोऱ्याला बांधून दिलं, ते त्यांनी गळ्यात अडकवलं. मी नवा दोरा घेतला. सगळ्या सरी खिळ्यांवर नीट झाल्या. पण वाट्यांच्या वरची गाठ खिळ्यावर नीट बसत नाही, तिथे दोऱ्याला जरा ढील देत, जरा ताणत ओढावं लागतं. माझे दोन्ही हात गुंतले होते. आणि माझी मान आपोआप भिंतीकडे वळली, तोंड उघडलं.

मी तशीच थांबले. भिंतीवर आता कॅलेंडरच्या जागी नुसता पांढरा चौकोन होता.

शिरोडेबाईंनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "याला गुंडाळा. मी धरते."

"दोरा कापतो, बाई. ओढ बसेल."

"बसू दे."

मी टोक त्यांच्या बोटाला दोन वेढे देऊन गुंडाळलं. "दुखलं तर सांगा," मी म्हटलं आणि ओढलं. त्यांनी ओढ बरोबर धरली. दोरा बोटात रुतला, बोट आधी पांढरं पडलं, मग वेढ्याच्या दोन्ही कडांना लाल झालं. मी वर बघितलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"दुखतंय ना?"

"हो."

"मग सांगत का नाही?"

"तुमच्याकडूनच शिकले," शिरोडेबाई म्हणाल्या.

मला हसू आलं. हसताना जबडा कट् वाजला, ते दोघींनी ऐकलं. "बोट तसंच धरा, बाई," मी म्हटलं. "अजून एक गाठ राहिली आहे."